देवघरातलं औषध

कुठेही काही झालं की गुरुजी आधी मनगटावरचं घड्याळ बघायचे.

एकदा आमच्या कोपऱ्यावर रिक्षा कलंडली. आतल्या बाईंचा गुडघा फुटला, भाजीची पिशवी रस्त्यावर सांडली, सगळे धावले. गुरुजी देवळातून परत येत होते. ते जागीच थांबले, डावा हात डोळ्यांजवळ नेऊन वेळ बघितली आणि मगच बाईंना उठवायला पुढे झाले. किराणा दुकानदार मागून म्हणाला, "आता ह्यात पण मुहूर्त बघायलेत का काय गुरुजी?" लोक हसले. बाईंच्या हातात पाण्याचा तांब्या देत गुरुजी एवढंच म्हणाले, "बसा निवांत. घाई करायची, पण गडबड करायची न्हाई."

पूजा सांगणारा माणूस सारखा घड्याळ बघतो म्हटल्यावर लोकांना राहुकाळच आठवणार. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत निम्म्या लोकांची हीच समजूत होती. गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं म्हणून गाडीची किल्ली परत खिशात घालणारे दोघे-तिघे तर मला नावानिशी माहीत आहेत. खरं कारण वेगळं होतं. त्या कारणाला चार पाय होते आणि त्याचं नाव बंडू.

मला कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. त्यांचं अंगावर येणं, चाटणं, दारात झोपणं, यातलं काहीच मला सोसत नाही. पण गुरुजींचं दार माझ्या दारासमोर, मध्ये जिन्यापुरती जागा, आणि त्या जागेत बंडू आडवा पसरलेला. कॉलेजच्या ऑफिसात जायला निघाले की रोज त्याला ओलांडून जावं लागे. तुमच्याही शेजारी असा कुणीतरी असेल, माणूस नाहीतर जनावर, की ज्याच्याशी आपलं भांडण रोजचं असतं आणि तो दिसला नाही तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

गुरुजी कॉलनीतल्या दत्ताच्या देवळाचे पुजारी. घरात त्यांची बायको अक्का आणि सून सुवर्णा. मुलगा पुण्याला कंपनीत होता, पंधरा दिवसांनी एकदा येई. बंडू सापडला तो देवळामागे, करवंट्यांच्या ढिगात, मुठीएवढा. गुरुजींनी त्याला उपरण्यात गुंडाळून घरी आणलं तेव्हा अक्कांनी दारातच अडवलं.

"दत्ताची कुत्री फोटोत बरी दिसत्यात," त्या म्हणाल्या.

"फोटोतल्यांना भूक लागत न्हाई की," गुरुजी म्हणाले. "ह्याला लागती."

अक्कांनी दूध दिलं, पण अटी घातल्या. स्वयंपाकघरात यायचं नाही, देवघराकडे तर फिरकायचंच नाही आणि सोवळ्याला शिवायचं नाही. सोवळं म्हणजे गुरुजींचं पूजेचं लाल रेशमी वस्त्र. ते नेसून ते सकाळी घरातून निघत, कॉलनीचा रस्ता ओलांडून देवळात जात. पहिल्या आठवड्यात बंडू रोज लाडानं त्यांच्या पायात घुसे आणि गुरुजींना परत अंघोळ करावी लागे. एका सकाळी तिसऱ्यांदा अंघोळीला जायची वेळ आली तेव्हा त्यांचा तोल गेला. त्यांनी हातातली पळी फेकून मारली. पळी लागली नाही, पण पिल्लू जे भिंतीला चिकटलं ते कायमचं. त्या दिवसापासून लाल कापड दिसलं की बंडू बाजूला होई, अंग भिंतीला लावून उभा राही आणि नुसती शेपटी हलवे. गुरुजी पुढे गेले की मग चार पावलं मागं ठेवून देवळापर्यंत सोबत करी. कॉलनीत त्याचं फार कौतुक झालं. कुत्र्याला सोवळं कळतं म्हणून लोक पाहुण्यांना दाखवायला आणत.

त्याला पहिली फिट आली ती जिन्यातच. मी ऑफिसला निघाले होते. तो आडवा पडला होता, पण पाय झाडत होता, मान मागं वाकली होती आणि तोंडातून फेस येत होता. माझ्या ओरडण्यानं सगळी इमारत गोळा झाली. वॉचमन कांदा फोडून घेऊन आला, वरच्या मजल्यावरच्या एकानं पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. माणसाला आकडी आली की आमच्याकडे हेच करतात, मग कुत्र्यानं काय घोडं मारलंय. गुरुजी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. फिट थांबली आपली आपण. बंडू उठला, झिंगल्यासारखा दोन पावलं चालला आणि ती चप्पल तोंडात धरून निघून गेला. ती पुढे मिळाली नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या सुरू केल्या आणि नाकात मारायचा एक फवारा लिहून दिला. फिट आली की आधी घड्याळ बघायचं, आजूबाजूचं सामान सरकवायचं, तोंडात हात घालायचा नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर फवारा नाकात मारायचा आणि रिक्षा करून दवाखान्यात आणायचं. "तुम्हाला वाटतं अर्धा तास झाला, आणि झालेली असतात दोन मिनिटं," डॉक्टर म्हणाले. "कधी उलटं होतं. म्हणून घड्याळावर विश्वास ठेवा, मनावर नको." हे वाक्य गुरुजींनी मनावर घेतलं. आयुष्यभर मंत्र पाठ करण्यात गेलेला माणूस, त्यांनी हेही पाठ केलं.

आणि मग आमची शाळा भरली. डॉक्टरांकडून रिकामी बाटली मागून आणलेली, पाटावर एक उशी ठेवलेली, उशीवर खडूनं दोन नाकपुड्या काढलेल्या. अक्का, सुवर्णा आणि मी समोर बसलेल्या. मला कुत्री आवडत नाहीत, हे मी तिथंही सांगून बघितलं.

"आवडायचा प्रश्न कुटं हाय ताई?" गुरुजी म्हणाले. "तुमचं दार समोर हाय."

मग प्रश्नोत्तरं झाली. आधी काय? घड्याळ. मग काय? सामान सरकवायचं. तोंडात हात? घालायचा नाही. अक्कांनी उशीच्या कानात फवारा मारला. सुवर्णा मात्र पहिल्या झटक्यात शिकली. तिचं माहेर नातेपुत्याचं, घरी शेळ्या, जनावराचं तोंड कसं धरायचं ते तिच्या हातांना आधीच माहीत होतं. बंडूही तिचाच जास्त होता. लग्न होऊन आली तेव्हा या घरात तिच्याशी सगळ्यात आधी बोलला तो बंडूच, असं ती हसत सांगायची.

आता औषध ठेवायचं कुठं? थंड आणि अंधाऱ्या जागी, पण फ्रिजमध्ये नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सोलापूरचा उन्हाळा असा की एप्रिलात कपाटातली मेणबत्तीसुद्धा वाकते. गुरुजींच्या घरात एकच जागा बाराही महिने गार राही. स्वयंपाकघरामागची बिनखिडकीची छोटी खोली, तिथं काळ्या दगडाचा कट्टा, त्यावर देव.

"दत्तापाशी ठेवू," गुरुजी म्हणाले. "रोज नजर पडती, कुणी हलवणार न्हाई, आन् अडीनडीला शोधायला लागणार न्हाई."

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. इतकी चांगली जागा आम्हाला कशी सुचली नाही याचंच नवल वाटलं. अक्कांनी बाटलीसाठी चांदीची छोटी वाटी काढून दिली. त्या घरात अंघोळ केल्याशिवाय कुणी देवघराचा उंबरा ओलांडत नसे आणि पाळीचे चार दिवस सुवर्णा त्या बाजूला जातही नसे. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. इतकं माहीत होतं की ते आठवलंच नाही.

पुढच्या दोन फिटा छोट्या होत्या. गुरुजी घड्याळ बघत शेजारी बसून राहिले, फवाऱ्याची वेळ आली नाही. त्यांचा धीर वाढला. घड्याळ बघायची सवय हातालाच लागली. दूध उतू गेलं तरी आधी घड्याळ आणि मग गॅस. अक्का चिडायच्या. मला मात्र त्या हाताचा आधार वाटायला लागला होता. तो हात वर गेला की समजायचं, इथं एक माणूस तरी शुद्धीवर आहे.

तो रविवार होता. गुरुजी आणि अक्का मोहोळला वास्तुशांतीला गेले होते. मी रविवारी अंघोळ आरामात करते. साडी भिजत घालत होते तेवढ्यात दार वाजलं. दारात सुवर्णा. अंगावरचा गाऊन चिंब, केसांतून पाणी निथळतंय.

"काकू," ती म्हणाली, "तुमची अंघोळ झालीय का?"

मला वाटलं पाणी गेलं असेल, बादली मागायला आली असेल. म्हटलं, नाही अजून. तिचा चेहरा असा झाला की मी हातातली साडी टाकली.

"बंडूला फिट आलीय. थांबंना. औषध आत हाय. माझा आज दुसराच दिवस हाय काकू."

मला कळायला दोन क्षण लागले. तिनं आधी मामांना, म्हणजे सासऱ्यांना, फोन केला होता. तो पूजेच्या पिशवीत वाजत राहिला. मग तिनं अंगावर दोन बादल्या ओतून घेतल्या, तेवढ्यानं आत जाता येईल असं तिला त्या घाईत वाटलं. देवघराच्या उंबऱ्याशी गेली आणि तिचं तिलाच आठवलं, की दुसऱ्या दिवसाच्या अंघोळीला काही अर्थ नसतो.

आम्ही धावलो. बंडू हॉलमध्ये सोफ्याखाली अर्धा अडकून झटके देत होता. त्याचं डोकं सोफ्याच्या पायावर आपटत होतं. मी सोफा ओढला आणि आत गेले. मी काही देवधर्म करणाऱ्यातली नाही, उपास धरत नाही, पण खरं सांगते, उंबऱ्याशी माझा पाय थांबला. समोर दत्त, त्याच्या पायाशी चांदीची वाटी, वाटीत बाटली. हात लांब केला असता तरी पोचला नसता, एक पाऊल आत टाकायला हवं होतं. मी तिथं उभी. तेवढ्यात मला बाजूला ढकलून सुवर्णा आत शिरली. ओल्या पायांनी, निथळत्या केसांनी. तिनं वाटीतली बाटली उचलली तेव्हा ती मोठ्यानं रडत होती, पण थांबली नाही.

तिनं मागच्या बाजूनं त्याचं डोकं धरलं, एका नाकपुडीत फवारा मारला, मग दुसऱ्या. मी घड्याळ बघितलं, पण त्याचा काही उपयोग नव्हता. फिट कधी सुरू झाली तेच कुणाला माहीत नव्हतं. झटके हळूहळू सैल झाले. रिक्षावाल्यानं कुत्र्याला घ्यायला कुरकुर केली, मग सुवर्णाकडे बघून गप्प बसला.

बंडू वाचला. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, फिट फार वेळ चालली, नजरेवर परिणाम झालाय. काही दिवसांनी येईल, कदाचित. ती पुरती कधी आली नाही. उजेड-अंधार तेवढा कळे. पुढं तो दारांना, खुर्च्यांना आपटत चालू लागला आणि आपटला की मागं सरून तिथंच उभा राही. हे मी रोज बघत होते आणि मला ते बघवत नव्हतं.

त्या दिवशी गुरुजी परत आले तेव्हा सुवर्णा हॉलच्या कोपऱ्यात बसली होती. अक्कांना सगळं कळलं आणि त्या देवघराच्या दारातूनच बोलायला लागल्या, सगळे देव काढून धुवायला लागतील, गोमूत्र आणा, हे कसं झालं. गुरुजी सुवर्णासमोर खाली बसले.

"किती वाजता सुरू झालं बाळ?"

"बघितलं न्हाई मामा," ती म्हणाली. "आत जायचं म्हणून मी अंघोळ करत होते."

गुरुजींना अर्थ लागला तो त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला. अक्कांनी पुन्हा गोमूत्राचा विषय काढला तेव्हा ते बसल्या जागेवरून म्हणाले, "काय धुवायचं न्हाई. मी दत्तापाशी औषध ठेवलं. त्यानं नीट सांभाळलं. आपल्याला घेता आलं न्हाई."

नंतर मला जिन्यात सोडायला आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "ताई, मी तुमाला सगळं शिकवलं. फवारा कसा मारायचा ते उशीवर शिकवलं. उंबऱ्यातनं आत कसं यायचं, तेवढं शिकवायचं राह्यलं की."

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर, चपलांच्या स्टँडवर सावलीत, एक खिळा ठोकला गेला. त्याला ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं लहान बोळकं आणि त्यात ती बाटली. रोज सकाळी गुरुजी फडक्यावर पाणी शिंपडत. आणि पुढच्या महिन्यात एका सकाळी मी कुलूप लावत असताना त्यांची हाक ऐकू आली, "सुवर्णा, वाती आण गं हितं आत." तिचे पाळीचे दिवस होते, ती कशाला कचरतेय ते त्यांना माहीत होतं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. ती गेली. अक्कांनी त्या दिवशी नैवेद्य केला नाही. पुढे कितीतरी दिवस त्या चार दिवसांत गुरुजीच भात शिजवायचे, करपवायचे आणि तोच देवाला दाखवायचे. अक्कांनी ही गोष्ट कधीच मनापासून मान्य केली नाही. फक्त भांडायच्या थांबल्या. तेवढं घडलं, हेही त्या घरात थोडं नव्हतं.

बंडूचं मात्र जमलं नाही. दिसत नसल्यामुळे तो आता कधी कधी सोवळ्यातल्या गुरुजींवर येऊन आदळे. गुरुजी परत अंघोळीला जात नसत. "लागलं का रे?" म्हणून विचारत. पण त्या रेशमाचा, कापराचा वास नाकात शिरला की बंडू दचकून मागं सरे, भिंत शोधे आणि तिला चिकटून उभा राही. गुरुजी हातात पेढा धरून खाली वाकत. "ये रे. ये की हितं. चालतंय आता." बंडू शेपटी हलवे, पण जागचा हलत नसे. असं त्यांनी एक दिवस नाही, रोज केलं. सोवळं सोडून धोतर नेसून आले की तोच बंडू त्यांच्या मांडीवर डोकं टाके.

"शिकवलेलं विसरंना झालंय," एकदा ते मला म्हणाले. "पळी मीच फेकलीवती ना."

मी म्हटलं, किती वर्षं झाली गुरुजी, कुत्रंच ते. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात सकाळची पूजा आटोपून ते देवळाच्या पायरीवर बसले आणि बसल्या बसल्या कलंडले. मी दर्शनाला नाही, दूध आणायला निघाले होते. माझा हात आपोआप वर गेला. कुणीतरी ओरडलं, "ताई, घड्याळ काय बघताय?" मी बघितलं. मग गर्दी मागं सारली, गाडी बोलावली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ झाला, तेव्हा मी बरोबर सांगू शकले. त्यांनी ते लिहून घेतलं. गुरुजी दुपारपर्यंत होते, मग गेले.

देवळात आता अक्कलकोटकडचे नवे पुजारी येतात, मोबाइलवर वेळ बघतात. बंडूच्या फिटा अधूनमधून चालूच आहेत. मागच्या महिन्यात एक मोठी आली, सुवर्णानं खिळ्यावरचं बोळकं काढलं, मी वेळ सांगत राहिले, दोघींनी मिळून निभावलं. घाई केली, गडबड केली नाही.

गुरुजी गेले त्या उन्हाळ्यात, त्यांचे दिवस झाल्यावर, सुवर्णानं त्यांचं सोवळं धुवून जिन्याच्या कठड्यावर वाळत टाकलं. मी ऑफिसला निघाले होते. बंडू त्याच्या जागेवर आडवा पसरलेला, मी त्याला ओलांडायला पाय उचलला, तेवढ्यात वारा आला आणि ते लाल कापड हललं. बंडूनं नाक वर केलं. तो उठला, चाचपडत मागं सरला, त्याला भिंत सापडली. तिला अंग चिकटवून, जिन्याची सगळी वाट मोकळी करून तो शेपटी हलवत उभा राहिला. मीही पाय मागं घेतला आणि त्याच्या शेजारी थांबले.